आधी साफ, मग माफ

आमच्या निफाडकडं शेतकऱ्याचं निम्मं आयुष्य द्राक्षबागेत जातं आणि उरलेल्यातलं बरंचसं पान्यांच्या डब्याशी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि नेमका त्याच दिवशी ब्लोअर बंद पडला, तर मेकॅनिक येईपर्यंत डाऊनी काही थांबत नाही. त्यामुळं ज्याला त्याला थोडंफार येतंच. मोटारसायकलचा कार्बोरेटर सोडवायचा, पेट्रोलनं धुवायचा, जेट तोंडानं फुंकायचं, हवेचा स्क्रू थोडा सैल-घट्ट करत कानानं गाडी लावायची. हे आमच्या पिढीला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. बघून बघून आलं.

पुढं १ एप्रिल २००० पासून देशभर नव्या मोटारींना धुराचे कडक नियम लागले. मोटारींतला कार्बोरेटर मागं पडत गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर मोटारसायकलीही इंजेक्शनवर गेल्या. कानानं लावायचा स्क्रू गेला आणि त्याच्या जागी ईसीएम नावाची बंद डबी आली. लोक म्हणायला लागले, ‘‘आता हिला हात लावायचं काम नाही. हिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.’’

त्या डबीला काय कळतं आणि काय कळत नाही, हे एकदा घरच्या अंगणात बघायला मिळालं. तेव्हापासून एक प्रश्न मागं लागला आहे. माणूस सुधारला, तर त्याच्याविषयी आपण जे मनात लिहून ठेवलंय त्याचं काय करायचं? ते पुसायला आपण बांधील आहोत का? आणि पुसायचं तर कुणी, कधी?

आधी गाडीचं सांगतो. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते. फिल्टरमधून गाळून आलेली हवा इंजिनात किती जाऊ द्यायची, हे ठरवणारं ॲल्युमिनियमचं एक पोकळ नळकांडं असतं. त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात. आत दांडीवर एक गोल चकती. ॲक्सिलरेटर दाबला की ती फिरून वाट मोकळी करते, पाय काढला की मिटते. पण पार मिटली तर इंजिन गुदमरून बंद पडेल. म्हणून उभ्या गाडीलाही चिमूटभर हवा लागतेच. ती चिमूट केवढी, हे ईसीएम ठरवतो. जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत त्यासाठी बाजूनं एक बारीक वाट आणि छोटी मोटर असते. नव्या गाड्यांत चकतीच मोटरवर चालते.

आता इंजिनाच्या पोटात जी तेलकट वाफ धरते, ती उघड्यावर सोडायची नाही म्हणून एका नळीनं याच वाटेवर आणून परत जाळतात. त्या वाफेचा चिकटा आणि फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ मिळून चकतीच्या काठावर काळा थर बसत जातो. आमच्याकडं तर शिवारातल्या रस्त्यांची धूळ. वाट हळूहळू अरुंद होते. अशा वेळी ईसीएम काय करतो? तक्रार करत नाही. चकती केसभर जास्त उघडतो आणि तो नवा आकडा स्वतःपाशी टिपून ठेवतो. थर वाढला की अजून केसभर, अजून एक नोंद. काजळी धरते आणि त्या काजळीचा हिशोबही धरतो. मालकाला दोन-चार वर्षं पत्ता लागत नाही. सगळं सुरळीत चाललंय असंच वाटतं.

माझी बारा वर्षांची पेट्रोल गाडी गेल्या थंडीत सकाळी धडधडायला लागली. निफाडची थंडी अख्ख्या महाराष्ट्राला पेपरातून माहीत आहे. काटा पाचशेच्या खाली यायचा, परत उसळायचा. मुंबई नाक्याच्या सिग्नलला दोनदा बंद पडली. शहरातल्या एका वर्कशॉपनं अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायचा अंदाज हातात दिला. तो कागद आप्पांनी बघितला आणि घडी घालून मला परत दिला.

‘‘बदलू नको. काजळी आसंल, दुसरं काय. रविवारी आण इकडं.’’

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. तरुणपणी अंबडच्या एमआयडीसीजवळ एका गॅरेजात सात-आठ वर्षं होते. हात सोन्याचा. पण वस्तीवर आप्पांचं नाव निघालं की लोकांना आधी बाटली आठवते. पंधरा-सोळा वर्षं ते प्याले. गॅरेज त्यातच सुटलं, एक एकर बाग त्यातच गेली. चार वर्षांपूर्वी पौषात, त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत त्यांनी माळ घातली. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही.

रविवारी गाडी शेडमध्ये न घेता त्यांनी मोकळ्या अंगणात लावायला सांगितली. ‘‘हा स्प्रे पेटतो. आन् त्या बिडीवाल्याला लांब बसव.’’ इंजिन गार होऊ दिलं. पट्ट्याचा स्क्रू सैल करून हवेचा रबरी पाइप काढला. आतली चकती मी पहिल्यांदाच बघत होतो. काठाला तव्याच्या बुडासारखा काळा थर. स्प्रे त्यांनी सरळ आत मारला नाही. फडक्यावर मारून फडक्यानं पुसलं, कोपऱ्यांना जुना मऊ टूथब्रश लावला. बाजूच्या सेन्सरला थेंब लागू दिला नाही. खरवडायला मी स्क्रूड्रायव्हर पुढं करत होतो, तर म्हणाले, ‘‘छ्या! ओरखडा पडला की हवा तिथूनच शिरंल. काही चकत्यांवर पातळ मुलामा आसतो, तोच निघून जायचा. आन् मोटरवाली चकती आसंल तर बोटानं ढकलायची नाई, आतले दाते जातात.’’ एक छोटा स्क्रू होता, कंपनीनं लाख लावून बसवलेला. त्याकडं बोट दाखवून म्हणाले, ‘‘ह्याला कधीच हात लावायचा नाई. गाडीची शून्याची खूण आहे ती.’’

अर्ध्या तासात चकती लख्ख झाली. पाइप बसवला, गाडी चालू केली. आणि गाडी पिसाळली! जागेवर उभी असताना काटा दोन हजारांच्या घरात. धडधड परवडली असा आवाज.

आप्पा हसत होते. ‘‘हेच दाखवायचं होतं तुला. बिघडली नाई ती. आपली वाट मोकळी झाली हे तिला अजून ठावंच नाई. काजळीच्या हिशोबानं हवा घेऊ राह्यली.’’

मग त्यांनी चावी काढली, दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली आणि पाव तास तशीच ठेवली. जुने आकडे त्यानं पुसले जातात. काही गाड्यांना एवढ्यानं भागत नाही, त्यांना स्कॅनर लावून शिकवावं लागतं. माझ्या गाडीला एवढं पुरलं. तार जोडली, चावी नुसती ऑन करून मिनिटभर थांबले, मग सेल मारला. दिवे बंद, एसी बंद. मी सवयीनं ॲक्सिलरेटरकडं पाय नेला, तर ओरडले, ‘‘पाय लावू नको! पाय लावला तर ती तुझ्या पायाचं शिकंल, स्वतःचं नाई. पंखा लागंपर्यंत नुसती राहू दे.’’

रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत आम्ही बोनेटपाशी उभे होतो. काटा वर-खाली होत होत आठशेच्या आसपास येऊन स्थिरावला. ओट्यावर काकू लसूण निवडत होती. तिच्या पदराला कपाटाची किल्ली बांधलेली होती. बागेचा पैसा ज्या खात्यावर येतो, ते खातं मुलाच्या नावावर आहे. औषधं आणायला आप्पांना नाशकाला जायचं असलं तर दुकानदाराला आधी फोन होतो, पैसे परस्पर मुलगा पाठवतो. चार वर्षं झाली. घर अजून काजळीच्या हिशोबानंच चालतंय.

पहिल्यांदा वाटलं, किती सोपं आहे! चकती साफ झाली, आता घरानं आपली तार पाव तास सोडून ठेवावी. माणूस बदलला हे मान्य करावं. पण गोष्ट तेवढी सोपी नाही. काकूच्या जागी बसून बघितल्यावर ती अवघड होत गेली.

त्र्यंबकच्या माळेआधी आप्पांनी दोनदा सोडली होती. एकदा वणीच्या गडावर शपथ घेऊन. एकदा २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर स्नान करून. गोदावरीत बुडी मारून पाप धुतलं जात असेल, त्यावर मी बोलणारा कोण? पण त्या दोन्ही वेळा काकूनं पदराची किल्ली सोडून आप्पांच्या हातात दिली होती, आणि दोन्ही वेळा कपाट मोकळं झालं. म्हणजे तार सोडली, आकडे पुसले, आणि चकतीवर काजळी तशीच. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा धंदा उघड चालतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागत असेल तर विकणारा दोष दुरुस्त करत नाही, त्याची नोंद पुसतो. गिऱ्हाईक बघायला येतं तेव्हा दिवा विझलेला. थोडे दिवस चालली की परत लागतो. साफ न करता पुसलं की ती फसवणूक होते, आणि ती ज्याला भोगावी लागते त्याला ‘विसर’ म्हणणं ही दुसरी फसवणूक. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी साफ, मग माफ.

पण साफ झालंय हे कळणार कसं? चकती पाइप काढून बघता येते. माणसाच्या आत बघायला पाइप निघत नाही. त्याच्या वागण्यातूनच ओळखायचं आणि त्याला वेळ लागतो. किती? एक वर्ष? चार? हा आकडा बाहेरच्यानं ठरवायचा नाही असं मला वाटतं. याचं कारण बागेत आहे.

द्राक्षाची वेल आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर येतो, तो ऑक्टोबरात तयार झालेला नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, मे-जूनमध्ये, काडीच्या डोळ्याच्या आत तो धरला गेलेला असतो. त्या दिवसांत बागेला ऊन कसं मिळालं, पाणी कसं पडलं, याचा हिशोब वेल पोटात घेऊन बसते आणि सहा महिन्यांनी दाखवते. उन्हाळ्यात बाग हयगयीनं ठेवली आणि ऑक्टोबरात कितीही खत-पाणी दिलं, तरी गेलेला घड परत येत नाही. वेलीला बॅटरीची तार नसते.

काकूची आठवण वेलीच्या जातीची आहे. फाटक वाजलं की रात्री तिला अजून जाग येते. आप्पा पारावरून भजन करून आलेले असतात, तरी तिचा हात आधी पदराकडं जातो. हा काही तिनं मनात ठेवलेला हिशोब नाही, तिच्या अंगात मुरलेलं आहे ते. ‘विसर आता’ हे तिला सांगणं म्हणजे वेलीला ‘घड दे’ म्हणून दरडावणं. ज्यानं सोसलं त्याला आठवणीचा हक्क आहे, आणि तो हक्क त्यानं कधी सोडायचा याची तारीख दुसऱ्या कुणी टाकायची नाही. आप्पांनीसुद्धा नाही. आप्पा ती टाकत नाहीत, हे मला त्यांच्या साफ होण्याचं सगळ्यात मोठं लक्षण वाटतं. किल्ली त्यांनी चार वर्षांत मागितलेली नाही. पाय न लावता नुसतं चालू राहायचं, हे त्यांनी गाडीवर नाही, स्वतःवर शिकलेलं आहे.

मग प्रश्न संपला का? नाही. काकू एकटी नाही. बाकीची वस्ती आहे.

मागं विकास सोसायटीची निवडणूक लागली. पॅनेल ठरवायला मंडळी मारुतीच्या पारावर बसली होती. कुणीतरी आप्पांचं नाव काढलं. हिशोबाला पक्का माणूस, चार वर्षं निर्व्यसनी, मळ्यातल्या मोटारी लोकांना फुकट दुरुस्त करून देतो. एक जण म्हणाला, ‘‘अरे, त्याची बायको त्याला कपाटाची किल्ली देत नाही, आन् आपण सोसायटीची द्यायची?’’ सगळे हसले. नाव मागं पडलं.

हसणाऱ्यांपैकी कुणाचं कपाट आप्पांनी मोकळं केलेलं नव्हतं. कुणाची झोप मोडलेली नव्हती. उलट त्यांतल्या दोघांनी आप्पांची एक एकर त्यांच्या पडत्या काळात पडत्या भावानं घेतलेली होती. आणि त्या माणसांनी पुरावा म्हणून पुढं केली ती काकूची किल्ली! काकूच्या आठवणीला किंमत मोजलेली आहे. पारावरच्यांची आठवण उसनी होती, बिनव्याजी आणि सोयीची.

माझं म्हणणं एवढंच आहे. सोसणाऱ्याची आठवण वेगळी आणि बघणाऱ्याची वेगळी. आपण दोन्हींना एकच नाव देतो, म्हणून घोळ होतो. सोसणारा वेलीसारखा असतो, त्याला वेळ द्यावा. बघणारा मात्र ईसीएमसारखा असतो, त्याच्याजवळ नुसता जुना आकडा असतो. तो पुसायला त्याला पाव तास पुरतो आणि त्याचं काही जात नाही. न पुसायला त्याच्यापाशी सबब नाही.

बघणाऱ्यांनी आकडा पुसला नाही तर काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. तिथं तर काजळी मुळात नव्हती. १८७१ साली इंग्रज सरकारनं कायदा करून कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पुढं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पाळण्यातल्या पोराच्या नावावरही तोच शिक्का. १९५२ साली कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस ती मंडळी विमुक्त दिन म्हणून पाळतात. सरकारी वहीतली नोंद अशी पुसली गेली, पण गावाच्या डोक्यातली गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर. नाव बघितलं तरी कळतं, शिक्का पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत टिकला होता. आजही गावाबाहेर पालं पडली आणि त्या रात्री कुणाची मोटर चोरीला गेली, तर पहिली नजर कुठं जाते हे वाचणाऱ्याला सांगायला नको. आप्पांची गोष्ट आणि ही गोष्ट एक नाही. आप्पांनी केलेलं होतं, या लोकांनी काही केलेलं नव्हतं. पण बघणाऱ्यांच्या डोक्यातली डबी दोन्हीकडं एकच. वाट मोकळी आहे का, हे न बघता ती जुन्या आकड्यावर चालते.

कुणी म्हणेल, म्हणजे डोळे झाकून विश्वास टाकायचा का? नाही. गाडीनं तरी कुठं टाकला? तार जोडल्यावर ईसीएमनं ‘चकती आता स्वच्छ आहे’ असं गृहीत धरलं नाही. त्यानं जुना आकडा सोडला आणि शून्याच्या खुणेपासून परत मोजायला सुरुवात केली. हवा किती येतेय, काटा कुठं जातोय, क्षणाक्षणाला बघत राहिला. काजळी परत धरली तर तो परत नोंद करील, ती वाट बंद झालेली नाही. पुसणं म्हणजे विश्वास नव्हे. पुसणं म्हणजे समोरच्याला कालच्या आकड्यानं न मोजता आजच्या चालीनं मोजणं. सुधारलेल्या माणसाचा एवढा हक्क मला पक्का वाटतो. विश्वास त्याला मागता येत नाही, तो मिळवावा लागतो. पण मोजणी नव्यानं व्हावी, हे तो मागू शकतो. आणि त्यानं तोंडानं मागितलं नाही, तरी बघणाऱ्यांनी ते द्यायला हवं.

न दिलं तर काय होतं, तेही गाडीनं दाखवलं. लख्ख चकतीवर जुना हिशोब चालू ठेवला की गाडी मवाळ चालत नाही, पिसाळते. व्यसन सुटलेला माणूस पहिल्या एक-दोन वर्षांत परत घसरतो, तेव्हा पारावर म्हणतात, ‘‘आम्ही म्हटलंच होतं.’’ त्या म्हणण्यानं त्याच्या घसरण्याला किती हात लावला, याचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. रोज ज्याला चोर समजून किल्ली लपवली जाते, त्याला एक दिवस वाटणारच, की मग साफ राहून उपयोग काय?

आप्पा घसरले नाहीत. त्यांची मुळं घट्ट म्हणा, माळेची पुण्याई म्हणा. पण प्रत्येकानं आप्पांइतकंच घट्ट असावं, ही अट बघणाऱ्यांनी घालणं काही बरं नव्हे. सोसायटीची निवडणूक पाच वर्षांनी परत येईल. तोवर पारावरच्यांनी करण्यासारखं फार अवघड काही नाही. औषधाच्या दुकानात आप्पांना उभं राहून स्वतःच्या हातानं पैसे मोजू द्यावेत. त्यांचं नाव निघालं की बाटलीआधी मळ्यातल्या मोटारी आठवाव्यात. आणि काकूच्या पदराला बांधलेल्या किल्लीवर कुणीच बोलू नये. ती कधी सुटायची तेव्हा सुटेल, तो काकूचा आणि आप्पांचा व्यवहार आहे.